पस्तीस टक्के

तुला काहीच करायचं नाहीये, त्यानं लिहिलं.
फक्त नाव तुझं. चेहरा तुझा, तोही दहा मिनिटं.
काम मी करीन.
पस्तीस टक्के तुला, पासष्ट मला,
दर महिन्याच्या पाच तारखेला.

स्टुडिओ बंद पडून सात महिने झाले होते.
ग्युमरीत मार्चमध्येही नळ गोठतो,
गॅसचं बिल दाराच्या फटीत घडी होऊन बसतं.
मी लिहिलं, बरं, सांग.

नाव त्यानं डॅनिएल सांगितलं. गाव टोरांटो.
कॅमेरा बिघडलेला. परवाही बिघडलेला.
लॅपटॉप मात्र माझा, रात्रंदिवस चालू,
झाकण मिटायचं नाही,
म्हणजे कंपनीला वाटेल आरुस्याक जागी आहे.
मुलाखतीला केस मोकळे सोडायचे, आत इअरफोन;
उत्तरं तो कानात सांगणार,
मी फक्त ओठांवर आणायची.
आरशासमोर बसून सरावही केला, खोटं कशाला बोलू.
"सहा वर्षांचा अनुभव," मी म्हणाले.
आरशातलीला ते पटलं.

मग त्यानं माझा बायोडेटा पाठवला.
माझा!
मी न पाहिलेलं विद्यापीठ,
मी न बांधलेल्या तीन बँकांच्या वेबसाइट,
आणि तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी
बारीक अक्षरात, पुसायचं राहून गेलेलं
एक नाव: एस्तेबान किरोगा, रोसारियो.

भाड्याच्या खोलीतलं कपाट उघडावं
आणि आधीच्या माणसाचा एकच मोजा निघावा, तसं.

शोधलं त्याला. दोन दिवसांनी उत्तर आलं,
भाषांतराच्या यंत्रातून खरचटत आलेलं:
तुमचंही मागितलं का?
ज्या पगाराचं मी तोंड पाहिलं नाही
त्याचा कर मला मागतायत.
बँकेत नाव सांगितलं
की खिडकीमागची बाई उठून आत जाते.

मी दोन वर्षांची होते तेव्हा जमीन हलली.
शहराचंही तेव्हा नाव दुसरं होतं.
आईचे सगळे कागद नवव्या मजल्यासकट खाली गेले.
पुढे थंडीत ती रांगेत उभी राहिली,
दोन साक्षीदार घेऊन,
की मी हायकानुश आहे. मीच आहे.
एक साक्षीदार शेजारीण, दुसरा पाववाला.
कारकुनानं एक अक्षर चुकवलं.
ते चुकीचं अक्षर
ती आजही सही करताना
जीभ दाताखाली धरून नीट काढते.

साखर आपण उसनी देतो. वाटी परत येते.
नाव उसनं दिलं
तर ते कशात घालून परत आणणार?
कुणी खर्चलेलं, कुणी बुडवलेलं,
कुठल्या कुठल्या तोंडांनी उष्टं केलेलं.

रात्री मी त्याला विचारलं,
तुझं खरं नाव काय?
तीन ठिपके उमटले. विझले. पुन्हा उमटले.
चहा करून आले तरी उमटतच होते.
मग:
"कुठलं हवंय?"

राग आला, पण उशिरा.
आधी वाटलं, हाही कुठेतरी
कुणाच्या तरी पहाऱ्यात
उशाशी शंभर नावं घेऊन निजत असेल,
आणि झोपेत कुणी हाक मारलीच
तर कुठल्या नावाला ओ देत असेल?

पासपोर्टचा फोटो अजून पाठवला नव्हता,
एवढं नशीब.
नाही, लिहिलं. पुढे काहीच नाही.
सगळे संदेश एस्तेबानला पाठवले,
त्याच्या त्या खिडकीपाशी दाखवायला उपयोगी पडतील म्हणून,
आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

बिल अजून दारातच होतं.
आतून आईनं हाक मारली, हीटर बंद केलास का म्हणून.
कुठल्याच कागदावर नसलेलं
माझं घरातलं, तोडकं नाव घेऊन.

ओ, म्हटलं.
आले.